एक खरं वाक्य

"फोन उचलणं म्हणजे पिक अप. खाली पडलेला चमचा उचलणं, तेही पिक अप. पाहुण्याला स्टँडवरून घेऊन येणं, पिक अप. शेजारणीचं ऐकून ऐकून कानडी बोलायला लागलात? पिक अप. लग्नाला गेलात आणि येताना सर्दी घेऊन आलात? तरी पिक अपच." शेख मॅडमनी खडूची बोटं झटकली आणि आमच्याकडं वळून म्हणाल्या, "हा शब्द म्हणजे घरातली मधली सून आहे. कुठलंही काम निघालं, की सगळ्यांना हीच आठवते."

सगळ्या हसल्या. आई सगळ्यांच्या नंतर आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. पहिल्या बाकावर, माझ्या अगदी शेजारी. त्यांना त्यातलं किती कळलं होतं देव जाणे, पण हसायचं ठिकाण त्या कधी चुकवत नसत. मी मान खाली घालून वहीत समास आखायला लागले.

बार्शीतल्या महिला मंडळाच्या माडीवर हा इंग्रजी बोलण्याचा क्लास चाले. सकाळी दहा ते बारा. बायका सात-आठच. मॅडम शाळेतून निवृत्त झालेल्या, पण आवाज अजून मागच्या बाकापर्यंत पोचेल असा. त्यांचा एक नियम होता. नवीन शब्द शिकवला की प्रत्येकीनं उभं राहून त्याचं वाक्य करायचं. वाक्य आपल्या घरातलं हवं, आणि खरं हवं. ते झालं की दुसऱ्या कुणीतरी त्यावर एक प्रश्न विचारायचा. सगळं इंग्रजीत. मध्ये मराठी शब्द आला, तर त्या बाईनं दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी चहा करून आणायचा.

"पुस्तकातलं वाक्य पाठ होतं," मॅडम म्हणायच्या. "खरं वाक्य अंगी लागतं."

माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडं होतं. साडेअकरापर्यंत निसटता आलं, तर अजूनही अर्धा-पाऊण तास खिडकीशी मिळाला असता.

खिडकी कांचनताईंच्या बालवाडीची. आमची गार्गी तेव्हा तीन वर्षांची होती. जूनमध्ये तिला तिथं घातली, पण ती काही केल्या रमेना. मी पोचवायला गेले की गळ्याला मिठी मारायची ती सोडायची नाही. कांचनताईंनी सांगून टाकलं होतं, "दसऱ्यापर्यंत बघू. नाहीच रमली तर यंदा राहू दे, पुढल्या वर्षी आणा." आणि दिवाळीनंतर मला गावातल्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला लागायचं होतं. बीएस्सी करून, वर लॅबचा डिप्लोमा करून मी तीन वर्षं घरी होते. लॅबचे डॉक्टर म्हणाले होते, "दिवाळीपर्यंत जागा ठेवतो. पुढं नाही हं थांबता येणार." माझे यजमान अभिजित नोकरीला पुण्यात, शनिवारी येणार, रविवारी जाणार. सासरे वारल्यापासून बांगड्या-टिकल्यांचं, कटलरीचं दुकान आई एकट्या सांभाळत. म्हणजे सगळं गार्गीच्या रमण्यावर येऊन थांबलं होतं.

मूल सोडलं आणि पाठ फिरवली, अशी मी नव्हते. बालवाडीसमोर पिठाची गिरणी आहे. तिच्या पायरीवर उभं राहिलं की गल्लीपलीकडच्या खिडकीतून आतली सगळी खोली दिसते. जून, जुलै, ऑगस्ट मी त्या पायरीवर उभी असायची. साडेनऊला गार्गीला आत सोडायचं आणि साडेबाराला तिथूनच घेऊन जायचं. गार्गी खिडकीकडं तोंड करून बसायची. डबा न उघडता मांडीवर ठेवलेला. तिनं बघितलं की मी हात वर करायची, मी आहे म्हणून. तिचे डोळे भरून यायचे, माझेही यायचे. घरी जाईपर्यंत माझे खांदे पिठानं पांढरे झालेले असायचे.

कांचनताई दोनदा बाहेर येऊन म्हणाल्या, "ताई, तुम्ही घरी जा बरं. आम्ही बघतो." मी म्हटलं, असू दे. पण मनात आलं, आईनं बघू नये असं यांना आत काय करायचं असतं?

गणपती झाले आणि एके दिवशी आईंनी हे क्लासचं काढलं.

"मला इंग्रजी शिकायचंय गं," पोळी लाटता लाटता त्या म्हणाल्या. "हल्ली पोरी दुकानात येतात, मॅट लिपस्टिक दाखवा म्हणतात, न्यूड शेड दाखवा म्हणतात. मी आपली बघत बसते."

"मग जा की आई."

"एकटीला लाज वाटते. नववी शिकलेली बाई मी. तू चल सोबतीला."

"मला कसं जमेल? गार्गीचं..."

"दहा ते बारा तर असतं. साडेबाराला तू तिला आणायला जा की."

मी नाही म्हटलं. संध्याकाळी अभिजितचा फोन. "हर्षदा, आईनं आयुष्यात कधी स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. जा ना तिच्यासोबत."

गेले. नवरात्र तोंडावर आलेलं, दुकानात बांगड्यांना गर्दी होण्याचे दिवस, आणि ही बाई दोन तास शटर ओढून क्लासला येत होती. मला वाटलं, या वयात ही काय हौस. बरं, शिकण्यात गती असती तर एक. पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं, तुम्ही काय करता, तर उभं राहून म्हणाल्या, "आय ॲम शॉप." मागच्या बाकावरच्या दोन पोरी तोंडावर ओढणी धरून हसल्या. मला वाटलं, बाकाखाली शिरावं. आई मात्र पदर सारखा करून खाली बसल्या, जसं काही बक्षीस मिळालंय.

त्यात बारा वाजत आले की त्यांना शंका सुचायच्या. मी पर्स उचलून उठायला लागले की यांचा हात वर.

"मॅडम, एक विचारू? पी यू टी पुट, मग बी यू टी बट का?"

की मॅडम रंगात येणार. मला खिडकी गाठायला कधी मिळायचंच नाही. धापा टाकत मी फाटकाशी पोचायची तेव्हा पोरं बाहेर पडत असायची. गार्गी दारात यायची, मला बघायची, आणि तिचा बांध फुटायचा. मी तिला उचलून घ्यायची आणि तिच्या डोक्यावरून कांचनताईंकडं बघायची.

"आत्ताच सुरू झालं हो," त्या म्हणायच्या. "सकाळभर छान होती."

सगळेच असं म्हणतात. माझा विश्वास बसत नसे.

"चला, बेबीताई, उठा. पिक अप," शेख मॅडम म्हणाल्या.

बेबीताई शिवणकाम करायच्या. अंगाखांद्यानं भरलेल्या, बोलायला फटकळ. छातीशी टाचण्यांची रांग लावलेली असायची. त्या उभ्या राहिल्या. "माय हजबंड पिक अप एव्हरीबडीज फोन. माय फोन, नो."

"पिक्स अप. प्रश्न?"

"व्हाय?" मागून एक पोरगी.

"बिकॉज आय आस्क, व्हेअर आर यू. अदर पीपल नॉट आस्क."

माडी हसण्यानं दणाणली. मॅडमनाही चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"हर्षदा, तू."

मी उठले. माझं इंग्रजी त्या वर्गात सगळ्यात बरं होतं आणि ते मला माहीत होतं. "एव्हरी डे आय पिक अप माय डॉटर फ्रॉम स्कूल."

"बघा, याला म्हणतात वाक्य. प्रश्न विचारा कुणीतरी."

बेबीताईंनी वळून माझ्याकडं बघितलं. "गार्गी... शी स्टिल क्राय?"

"येस," मी म्हणाले. "एव्हरी डे. द होल मॉर्निंग." आणि म्हणताना माझा आवाज थोडा कापला. मॅडमनी च् केलं. मला ते बरं वाटलं, हेही खरं.

मी खाली बसले, आणि शेजारून हात वर गेला.

"नो, मॅडम," आई म्हणाल्या.

"काय नो, मंदाकिनीताई?"

"नॉट क्राय."

"अहो आई, तुम्हाला काय माहीत?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मराठी!" बेबीताई ओरडल्या. "चहा! उद्याचा चहा हर्षदाचा! आलं घालून आण गं."

"शांत व्हा," मॅडम म्हणाल्या. "मंदाकिनीताई, उभ्या राहून सांगा. पूर्ण वाक्य. खरं."

आई उभ्या राहिल्या. दोन्ही हातांनी बाकाची कड धरली. कपाळावर घाम आला होता. शब्द एकेक करून त्या असे काढत होत्या, जसं कपाटाच्या वरच्या फळीवरून डबे काढतात.

"गार्गी नॉट क्राय. गार्गी सिंग. गार्गी ईट टिफिन. फुल. कांचनताई टेल मी."

"टोल्ड मी," मॅडम हळूच म्हणाल्या. "प्रश्न?"

वर्गाचा नियम होता, प्रश्न विचारायलाच हवा. बेबीताईंनी विचारला. "देन बिफोर? व्हाय शी क्राय बिफोर?"

आईंना मी ओळखत होते. मराठीत ही बाई कुठलीच गोष्ट सरळ सांगत नसे. गिऱ्हाइकाला एखादा रंग शोभत नसला तर म्हणायच्या, "हा तर तुम्हाला छानच दिसतोय, पण हा बघा, हा कधीचा तुमच्यासाठी थांबलाय." कुणाचं मन दुखेल असं काही आलंच, तर साखरेत घोळवून, चार घरं फिरवून, असं सांगायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, हे आपल्यालाच सुचलं. पण त्यांच्याकडं इंग्रजीचे शब्द होते जेमतेम पन्नास. त्यांत साखर नव्हती, की आडोसा नव्हता.

"बिफोर," त्या म्हणाल्या, "हर्षदा स्टँड. विंडो. एव्हरी डे. गार्गी सी हर्षदा. नॉट प्ले. नॉट ईट." मग थोडं थांबून, "कांचनताई से, टेक मदर अवे. ऑर गार्गी... नो स्कूल."

बेबीताईंनी मान खाली घातली.

"सो आय टेक. हिअर." त्यांनी एक बोट बाकावर टेकवलं, मी बसले होते तिथं. वाक्य पुरं झालं नाही असं वाटून की काय, त्यांनी अजून थोडं पुढं रेटलं. "शॉप क्लोज. आय कम. इंग्लिश... आय नॉट नीड."

आणि बरोबर आलं का म्हणून त्यांनी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी काहीच दुरुस्त केलं नाही. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि आपण काय बोललो ते त्यांना तेव्हा कळलं.

"तसं नव्हे गं, हर्षदा," त्या मराठीत म्हणाल्या. कुणी चहाचं नाव काढलं नाही.

"होतं गं असं," बेबीताई पुटपुटल्या. "पहिल्या लेकराला होतंच."

म्हणजे त्यांनाही माहीत होतं. त्यांचं दुकान गिरणीच्या पलीकडंच. त्यांना माहीत, म्हणजे गिरणीवाल्याला माहीत, दळण घेऊन येणाऱ्या बायांना माहीत. त्या पायरीवर मी तीन महिने उभी होते आणि मला वाटत होतं की बघणारी मीच एकटी आहे. मी पर्स उचलली, बाकाच्या कडेला अडखळले, आणि जिना उतरून रस्त्यावर आले.

घरी जावं असं मनातही आलं नाही. पाय आपोआप गिरणीकडं वळले. काही झालं तरी कांचनताईंचीच गोष्ट ना ही, त्यांनी सांगितली, यांनी ऐकली. आज बघतेच. गार्गी भिंतीशी डबा घेऊन बसलेली दिसली, की तशीच कडेवर घेऊन क्लासात नेऊन उभी करते.

"आलात का?" गिरणीवाला पट्ट्याच्या आवाजातून ओरडला. "लई दिवसांनी! आम्हाला वाटलं, पायरी सोडली तुम्ही."

मी पायरीवर चढले.

खोलीत पोरांनी गोल केला होता. मध्ये कांचनताई. हत्तीचं का कसलं गाणं चाललं होतं, सगळ्यांचे हात सोंडेसारखे हलत होते. गार्गी खिडकीकडं पाठ करून उभी होती. तिची वेणी सुटली होती. ती सगळ्यांच्या वरचा सूर लावून गात होती, आणि शेजारचा एक पोरगा चुकला तर त्याच्या दंडाला धरून म्हणाली, "ए, असं नाही रे! सोंड अशी!" हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. घरी ती माझ्या पदराला धरून कुजबुजल्यासारखं बोलायची.

तेव्हाच मागं फिरायला हवं होतं. पण गोल फिरत गार्गीचं तोंड खिडकीकडं आलं, आणि माझा हात सवयीनं वर गेला.

तिनं बघितलं.

मी वाट बघत राहिले. आता ओठ वाकडा होईल, आता डोळे भरतील. तसं काही झालं नाही. गार्गीनं सोंड खाली केली. त्या पोराचा दंड सोडला. गोलातून बाहेर आली, कोपऱ्यातून आपला डबा घेतला, आणि खिडकीशी, आपल्या नेहमीच्या जागी येऊन बसली. कामावर आल्यासारखी.

मी गल्ली ओलांडून गजांशी गेले.

"आले हं आई मी," ती म्हणाली. "रडू नको."

"मी कुठं रडतेय?"

"आता सुट्टी होईल. मग घरी जायचं आपण." मी तिला दारात सोडताना जो सूर लावायची, अगदी तोच. गजांतून तिनं दोन बोटं काढली आणि माझ्या मनगटावर थोपटलं.

आत गाणं चालू होतं. गार्गीनं एकदा मान वळवून गोलाकडं बघितलं. तिची जागा रिकामी होती आणि तो पोरगा आता मनाला येईल तशी सोंड हलवत होता.

"जा ना गार्गी," मी म्हणाले. "गाणं म्हण."

"नको."

"का गं?"

"तू एकटी आहेस ना."

मी गज धरला. पिठाचा वास, गिरणीची घरघर, आणि तीन वर्षांची माझी मुलगी, मांडीवर डबा घेऊन माझ्या सोबतीला बसलेली. त्या तीन महिन्यांत ती डबा का खात नव्हती, ते मला कळलं. कुणाला तरी राखत बसलं असलं की जेवण उतरत नाही.

मागून चपलांचा फटफट आवाज आला. आई. जिना उतरून, बाजार ओलांडून, या वयात पळत आल्या होत्या. केस विस्कटलेले, श्वास लागलेला. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. सरळ खिडकीशी वाकल्या.

"गार्गे, तुझी आई मला हवीय गं. दुकानात माल आलाय, मला एकटीला उचलत नाही. नेऊ का तिला?"

गार्गीनं विचार केला. "खाऊ देशील तिला?"

"देईन की."

"आणि रस्त्यात तिचा हात धर."

"धरते."

"आत्ता धर."

आईंनी माझा हात धरला. गार्गीनं नीट बघून घेतलं, धरलाय का ते. मग उठली, डबा कोपऱ्यात ठेवला, आणि पळत गोलात घुसली. "ए, सोंड!" तिचा आवाज बाहेर ऐकू आला.

भरदुपारी, गिरणीवरून, बेबीताईंच्या दुकानावरून, सासूच्या हाताला धरून मी गेले. हात सोडवून घ्यायचं मला धैर्य झालं नाही. खिडकीतून गार्गी बघत असली तर?

वळणावर आल्यावर मी म्हणाले, "आई, तुम्ही मला सरळ सांगायचं होतं."

"कसं सांगू? तुला वाटलं असतं, सासू लेकरापासून तोडते आहे."

वाटलंच असतं.

"आणि सांगितलंत ते चार बायकांत?"

"मी कुठं सांगणार होते? तू म्हणालीस, होल मॉर्निंग रडते, आणि माझ्यानं राहवेना. कांचनताई काल म्हणाल्या होत्या, हिला खरं वाटत नसेल तर पोरीला काढूनच नेईल. उभी राहिले, तर डोक्यात मराठी भरपूर. तोंडात इंग्रजी एवढंसं." त्यांनी बोटाचं पेर दाखवलं. "त्यातलं जे आलं ते आलं. गोड करायला काही येईचना."

मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. आईंनी मला दुकानाच्या मागच्या बाजूला नेऊन पाणी दिलं आणि स्वतः शटर वर ढकललं.

गार्गी त्या बालवाडीत राहिली, दिवाळीनंतर मी लॅबमध्ये लागले, ते सगळं पुढं रीतसर झालं. ती आता तिसरीत आहे, तिला यातलं काही आठवत नाही. मला मात्र त्या दिवसाचा उरलेला भाग आठवतो.

साडेबारा वाजत आले. माझे पाय उठायला लागले होते. आईंनी चपला घातल्या आणि माझ्याकडं बघून थांबल्या.

"तुम्ही जा," मी म्हणाले. "मी बसते इथं."

त्या गेल्या. एक बाई टिकल्या घ्यायला आली. मी तिला पाकिटं दाखवत होते, कुठली किंमत काय ते मला माहीत नव्हतं, आणि कान रस्त्याला लागलेले. मग ऐकू आलं. लांबूनच. चौकातून, सायकलींच्या घंट्यांमधून, गार्गी आजीचा हात ओढत, गात येत होती. हत्तीचंच. आवाज जवळ आला, दुकानाच्या पायरीशी आला, आणि थांबला.

मी मान वर केली. ती पायरीवर उभी राहून माझ्या तोंडाकडं बघत होती. घाईनं नाही, नीट, डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत, आजारी माणसाकडं बघतात तसं.

धावत जाऊन तिला उचलून घ्यावं असं हात म्हणत होते. मी ते पाकिटांवर ठेवले.

"आलीस?" मी म्हणाले, आणि हसले. "थांब हं. या मावशींना टिकल्या देते आधी."

ती अजून थोडा वेळ बघत राहिली. मी लाल पाकीट उचललं, हिरवं खाली ठेवलं, त्या बाईला म्हणाले, ही बघा, ही छोटी आहे. पायरीवर चपला काढल्याचा आवाज आला. मग माझ्या पाठीमागून, कपाटाच्या आडून, गाणं जिथं थांबलं होतं तिथून पुढं सुरू झालं.